सायकलला पुन्हा बिल्ला हवा का?

सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना उलट्या बाजूने आलेली सायकल धडकते. सायकलवाला क्षणभर थांबतो, मागे बघतो आणि पॅडल मारत गल्लीत नाहीसा होतो. आजोबांचे मनगट मोडलेले असते. मोटारसायकल असती तर बघ्यांपैकी कुणी तरी नंबर टिपून घेतला असता. सायकलचे काय टिपणार? काळी होती आणि कॅरिअर नव्हते, एवढेच सांगता येते. असे काही घडले की एक मागणी हमखास पुढे येते : सायकलींनाही नंबरप्लेट लावा, म्हणजे सिग्नल तोडणारे आणि उलटे येणारे सापडतील. ज्याला लागले आहे त्याच्या तोंडून ही मागणी आली तर ती झटकून टाकता येत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवीही नाही. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात एके काळी प्रत्येक सायकलला पालिकेचा बिल्ला असे. कर भरायचा, बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलला अडकवायचा. साठी-सत्तरीतल्या अनेकांना तो आजही आठवतो. त्याच पिढीला चौकातला हवालदारही आठवतो. संध्याकाळी दिवा न लावता निघालेला मुलगा हवालदार दिसताच खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागे आणि डबलसीट बसलेला मित्र आधीच उडी टाकून मोकळा होई. पकडले गेले तर दंड व्हायचा. पण या पकडापकडीत बिल्ल्याचा वाटा जवळजवळ नव्हता. १९४९च्या महापालिका अधिनियमातील कलम १२७ने पालिकांना वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. बिल्ला म्हणजे अशा कराची पावती. नियम मोडणाऱ्याला थांबवत असे ती हवालदाराची शिट्टी.

हा फरक समजून घ्यायचा तर मोटारीचा नंबर कसा काम करतो ते पाहावे लागते. नंबर मोठा असतो, कॅमेऱ्याला वाचता येतो. त्यामागे परिवहन कार्यालयाची नोंद असते, नोंदीत मालकाचे नाव आणि पत्ता असतो. गाडी विकली तर नाव बदलून घ्यावे लागते. चालवणाऱ्याकडे परवाना असतो आणि गाडीचा विमा काढलेला असतो. नोंदीतली एक कडी निसटली तरी ई-चलान भलत्याच माणसाच्या घरी पोहोचते. सायकलच्या बाबतीत यातल्या बहुतेक कड्या मुळातच नाहीत. ती थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, मग शेजाऱ्याच्या मुलाकडे, शेवटी भंगारवाल्याकडे, आणि वाटेत कुठेही कागद होत नाही. चालवणारा बऱ्याचदा दहा-बारा वर्षांचा असतो. मागच्या मडगार्डवर मावेल एवढ्या पट्टीवरचा आकडा चौकातल्या कॅमेऱ्याला दिसणे कठीण, आणि पट्टी मोठी केली तर ती लावायची कुठे? अलीकडे महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या जुन्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली, तेव्हा मुदत पुन्हा पुन्हा वाढवून द्यावी लागली. त्या गाड्यांची नोंद तरी सरकारकडे आधीच होती. सायकलींची यादी करायची तर पहिल्या नावापासून सुरुवात करावी लागेल.

जगातल्या अनेक देशांनी हा प्रयोग करून पाहिला आहे. नेदरलँड्समध्ये १९२४ साली सायकलकर आला. वर्षाला ३ गिल्डर भरायचे आणि धातूची छोटी पट्टी सायकलला लावायची. पुढे हा कर अडीच गिल्डरवर आला. तिथे सायकल ही कामगाराची चैन नव्हती, कामावर पोहोचण्याचे तेच साधन होते. जागतिक मंदीत लाखो हात रिकामे झाले, तेव्हा सरकारने बेरोजगारांना पट्टी फुकट दिली, पण तिला मधोमध भोक पाडलेले असे. भोकाची पट्टी दिसली की हा माणूस बेकार आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळे. त्या पट्टीवर रविवारी सायकल चालवण्याची मुभाही नव्हती. वाहनाची ओळख म्हणून आलेली वस्तू अशी माणसाच्या गरिबीची ओळख होऊन बसली. १९४१ साली हा कर गेला, तोही जर्मन ताब्यातल्या प्रशासनाने उठवला. आज जगात सायकलींसाठी सर्वाधिक नावाजलेल्या या देशात साध्या सायकलला नंबरप्लेट नाही.

टोरांटो शहरात १९३५पासून सायकलींना परवाना लागे. १९५७मध्ये तो बंद करताना पालिकेने दिलेले कारण आपल्याकडेही लागू पडते : कोवळ्या वयाची मुले नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोलीस व मुले यांचे संबंध बिघडतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२३पासून शहरांना सायकल परवान्याची सक्ती करण्यास मनाई केली.

स्वित्झर्लंडची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे बारकाईने पाहायला हवे. तिथे सायकलवर दर वर्षी नवे स्टिकर लावावे लागे. त्याची किंमत होती काही फ्रँक, पण त्यातच विमा होता. सायकलस्वारामुळे कुणाला इजा झाली तर २० लाख फ्रँकपर्यंतची भरपाई त्यातून मिळे. स्टिकरचा रोख पकडण्यावर नव्हता, जखमी माणसावर होता. १ जानेवारी २०१२पासून ही सक्ती उठली, कारण बहुतेक कुटुंबांकडे स्वतःचा दायित्व विमा आधीच होता. ज्याचा विमा नाही किंवा जो सापडलाच नाही अशा सायकलस्वारामुळे झालेल्या नुकसानीसाठी राष्ट्रीय निधीची सोय ठेवली गेली. सायकलवाला कोण होता हे कधीच कळले नाही, तरी जखमी माणूस वाऱ्यावर पडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने सायकलऐवजी माणसाकडे मोर्चा वळवला. १ मार्च २०१६पासून तिथले दंड एकदम वाढले. सिग्नल तोडण्याचा दंड ७१ डॉलरवरून ४२५ झाला, हेल्मेट नसल्याचा ३१९ झाला. सोबत अशी तरतूद आली की प्रौढ सायकलस्वाराने फोटो असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे, नाहीतर पुढे १०६ डॉलर दंड. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जायचे तरी पाकीट घ्यायचे का, असा सवाल लोकांनी केला. पायी चालणाऱ्याला ओळखपत्राची सक्ती नाही, मग सायकलवाल्यालाच का, हाही प्रश्न होता. ही सक्ती अखेर सरकारने मागे घेतली. वाढीव दंड मात्र कायम राहिले, आणि गाडीवाल्यांनी सायकलला ओलांडताना किमान एक मीटर अंतर ठेवण्याचा नियमही राहिला.

जपानमध्ये नोंदणी आजही आहे. १९९४पासून प्रत्येक सायकलची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. दुकानातच काहीशे येन भरायचे की फ्रेमवर छोटे स्टिकर चिकटवले जाते. पण हे सारे चोरीला आळा घालण्यासाठी. नोंदणी न केल्यास दंडही नाही. पोलीस सायकल थांबवतात, क्रमांक तपासतात आणि ती चालवणाऱ्याची आहे की उचललेली, हे पाहतात. वाहतुकीची शिस्त लावायची ठरवल्यावर जपानने हे स्टिकर मोठे केले नाही. २०२४मध्ये कायदा बदलून १ एप्रिल २०२६पासून १६ वर्षे व त्यावरील सायकलस्वारांना जागीच दंडाची पावती देण्याची तरतूद त्याने केली. मोबाइल हातात धरून चालवल्यास १२ हजार येन, सिग्नल तोडल्यास ६ हजार, डबलसीटला ३ हजार. पावती देणारा पोलीस समोर उभा असतो, आणि चालवणाराही समोरच असतो.

महाराष्ट्रातही कायद्याची उणीव नाही. मोटार वाहन कायद्याच्या नोंदणीतून सायकल सुटते हे खरे, पण १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात वाहनाच्या व्याख्येत सायकल स्पष्टपणे येते आणि रस्त्याची बाजू पाळण्याचा नियम तिलाही बांधतो. उलट्या दिशेने येणाऱ्याला अडवायला आजही नंबर लागत नाही, चौकात माणूस लागतो.

नंबरची गरज खरोखर आहे ती दुसरीकडे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर विजेच्या दुचाकीला नोंदणीतून सूट मिळते. ही सूट संथ वाहनासाठी होती. वेगाची मर्यादा काढून टाकलेली अशी गाडी नंबराशिवाय आणि परवान्याशिवाय धावत असेल, तर तिला सायकल म्हणणे चूक आहे. पट्टी लावायची असेल तर पाय मारून चालणाऱ्या सायकलला सोडून पहिली तिथे लावावी.

आणि त्या आजोबांचे काय? धडक देणारे वाहन मोटारसायकल असते आणि ते कधीच सापडले नसते, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१खाली त्यांना भरपाई मागता आली असती. गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख, अशी ती योजना आहे, आणि मोडलेले हाड कायद्याने गंभीर दुखापतच ठरते. सायकलच्या धडकेला ही योजना लागू नाही. ती लागू करण्यासाठी एकाही सायकलला बिल्ला लावावा लागणार नाही. सायकलींच्या नंबरप्लेटसाठी निवेदने देणाऱ्यांनी पुढचे निवेदन या मागणीचे द्यावे.