एका शहरातले दोन श्रावण

नागपूरकरांना दर पावसाळ्यात एक प्रश्न पडतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हिंदी भाषक घरी श्रावण लागतो. त्यांचे सोमवारचे उपवास सुरू होतात आणि आपल्याकडे आषाढच चालू असतो. मग खरा श्रावण कोणता?

दोन्ही खरे. आकाशातला चंद्र एकच आहे. फरक आहे तो महिना कुठे संपवायचा याचा. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो अमान्त. उत्तर भारतातला पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमान्त. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र नाव बदलते. गोकुळाष्टमी आपल्या पंचांगात श्रावणातली, त्यांच्या पंचांगात भाद्रपदातली. दिवस मात्र तोच.

एक हिशेब मात्र दोघांनाही चुकत नाही. चंद्राचे १२ महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात आणि ऋतूंचे वर्ष असते ३६५ दिवसांचे. म्हणजे दरवर्षी ११ दिवसांची तूट. ती भरून काढली नाही तर काय होईल, हे पोळ्यावरून कळते. श्रावणी अमावास्येला, पेरणी-डवरणीची कामे ओसरल्यावर, बैलांना विसावा मिळतो. तूट साठत गेली तर सुमारे ९ वर्षांत पोळा मे महिन्याच्या उन्हात येईल आणि पेरणीच्या आधीच बैलांचे उपकार मानण्याची वेळ येईल!

म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही, तो अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पोळा १४ सप्टेंबरपर्यंत लांबला. २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टला होता. तारीख मागेपुढे झाली, पण पावसाळा सुटला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. मुले लाकडी नंदी सजवून तान्ह्या पोळ्याचा बोजारा मागत दारोदार फिरतात. ही तिथी भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. शुद्ध पक्ष लागलेला असतो, म्हणून दोन्ही पंचांगांत महिना एकच. पंधरवडाभर निराळे नाव घेणारी दोन शेजारची घरे त्या सकाळी पुन्हा एकाच महिन्यात आलेली असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)