बरी न होणारी चामखीळ : एका संथ कर्करोगाची ओळख

केसपेपरवर 'त्रास किती दिवसांपासून?' असा एक रकाना असतो. तळपायावरील गाठ किंवा गालाच्या आतील चट्टा दाखविण्यास येणारे काही रुग्ण तेथे दिवस नव्हे, वर्षे सांगतात. उपचार करणे हे डॉक्टरांचे कार्य. परंतु रुग्ण वेळेवर दारात यावा, यासाठी प्रबोधन करणे हे प्रशासन या नात्याने आमचेही कर्तव्य आहे. म्हणून वैद्यकीय सहकाऱ्यांशी चर्चा करून ही माहिती सादर करीत आहोत.

चामखिळीसारख्या दिसणाऱ्या या विरळ कर्करोगास 'व्हेरुकस कार्सिनोमा' म्हणतात. 'व्हेरुका' या लॅटिन शब्दाचा अर्थच चामखीळ. 1948 साली अमेरिकेतील लॉरेन अॅकरमन यांनी तोंडातील अशा गाठींचे वर्णन केले. 1954 साली इंग्लंडमधील आयर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायावरील प्रकार नोंदविला. त्या गाठीत सशाच्या बिळांसारखी भुयारे आढळतात आणि दाबल्यास दुर्गंधीयुक्त द्रव बाहेर येतो.

हा रोग वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो व शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. त्यामुळे वेळीच समूळ काढल्यास रुग्ण पूर्ण बरा होण्याची आशा मोठी असते. मात्र संथ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. दुर्लक्ष झाल्यास तो खोल शिरतो आणि हाडापर्यंत पोहोचतो.

आपल्या ग्रामीण भागात याकडे लक्ष देण्यास विशेष कारणे आहेत. तोंडातील प्रकाराचा तंबाखूशी निकटचा संबंध आहे. चुना-तंबाखूची गोळी गालात धरणे, गुटखा खाणे आणि महिलावर्गात मिश्री लावणे या सवयी अद्याप सुटलेल्या नाहीत. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सवयीवर बंदी घालणे ज्याच्या-त्याच्या हाती आहे. त्वचेवरील प्रकार दीर्घकाळ न भरलेल्या जखमेवर, भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायाच्या क्षतावरही उद्भवू शकतो. वेदना जाणवत नसल्याने तो रुग्ण अधिकच उशिरा येतो. इतरांच्या बाबतीत 'कुरूप झाले असेल' असे म्हणून बिब्बा लावणे किंवा ब्लेडने कापणे यात काळ जातो.

निदानातही एक अडचण आहे. या गाठीच्या वरच्या थरातील पेशी जवळजवळ निरोगी दिसतात. वरवरचा तुकडा तपासल्यास 'कर्करोग नाही' असा अहवाल येऊ शकतो. त्यासाठी गाठीच्या तळापर्यंतचा खोल तुकडा तपासावा लागतो. म्हणून पहिला अहवाल चांगला आला, तरी गाठ वाढत असल्यास पुन्हा यावे. असा अहवाल हाती देऊन रुग्णास कायमचा निरोप देणे ही रुग्णालयाचीही चूक ठरेल. अशा रुग्णास पुढील तपासणीची तारीख लिहून देणे अगत्याचे आहे.

उपचारात प्रथम स्थान शस्त्रक्रियेचे. गाठ लहान असताना ती भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढली जाते. विलंब झाल्यास बोट, पाऊल किंवा जबड्याचा भागही गमवावा लागू शकतो. पायावर पोट असलेल्या शेतमजुराच्या घरी याचा अर्थ काय होतो, हे सांगणे न लगे.

गंगापूर तालुक्यातील रुग्णांस दूर मुंबईस जाण्याची गरज प्रत्येक वेळी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी छत्रपती संभाजीनगर येथे 2012 मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश असल्याने खर्चाच्या भीतीने घरी बसू नये.

तोंडातील चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी न झाल्यास, अथवा चामखीळ वा कुरूप उपचारानंतरही वाढत राहिल्यास, त्यातून दुर्गंधी किंवा रक्त येऊ लागल्यास त्वरित तपासणी करावी. आमचे देणगीदार, हितचिंतक व आशा कार्यकर्त्या यांना विनंती की, ही माहिती वस्तीवस्तीवर पोहोचवावी. त्या रकान्यात वर्षांऐवजी आठवडे लिहिले जावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.