आज्ञा आणि विश्वास

परभणीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. अशा वेळीं रुग्णालयांत नवीं यंत्रें येतात, नोंदींची रीत पालटते, पाळ्या बदलतात. मग कोणी म्हणतो, "जुनीं माणसें नवें कांहीं स्वीकारीतच नाहींत." आम्हांस हें पुरतें खरें वाटत नाहीं. सेवकवर्ग बदलास सिद्ध होतो कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं वरिष्ठाच्या वागणुकीवर अवलंबून असतें.

दोन उदाहरणें पाहूं. व्हिएन्ना येथील प्रसूतिरुग्णालयांत १८४७ सालीं डॉ. सेमेलवाइस यांनीं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांस व विद्यार्थ्यांस क्लोरीनमिश्रित चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घालून दिला. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानें घटले. नियम खरा होता; पण त्याचें सविस्तर विवेचन त्यांनीं १८६१ पर्यंत प्रसिद्ध केलें नाहीं, आणि पुढें विरोधकांस उघड पत्रांतून खुनी म्हटलें. रोगजंतूंचें ज्ञान तेव्हां नव्हतें, हें खरेंच. पण कठोर शब्दांनीं मनें अधिकच दुरावलीं. १८६५ सालीं ते वारले, तेव्हांही त्यांचा नियम सर्वमान्य झाला नव्हता.

दुसरें उदाहरण बीड जिल्ह्यापलीकडील जामखेडचें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तेथें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. खेड्यांत परिचारिका ठेवण्याचा पहिला बेत सिद्धीस गेला नाहीं, तेव्हां गांवांतीलच स्त्रिया निवडण्यांत आल्या. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडास जमत, नवें शिकत आणि आपापल्या गांवचा अनुभव सांगत. डॉक्टर तो ऐकून घेत. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

असें कां होतें? नवी रीत आली कीं सेवकाच्या मनांत तीन प्रश्न उभे राहतात. हिनें रोग्याचें काय हित होणार? माझ्या अनुभवास किंमत उरेल काय? चुकलों तर शिक्षा होईल कीं शिकविलें जाईल? वरिष्ठानें यांचीं उत्तरें न देतां केवळ हुकूम सोडला, तर वहींत सह्या होतात, काम मात्र जुन्याच वाटेनें चालतें. शिवाय भीतीनें चूक लपते, आणि लपलेली चूक रोग्याच्या जिवावर बेतते.

याचा अर्थ आज्ञा नकोच, असा नव्हे. रक्तस्राव होत असतां चर्चा करीत बसणें वेडेपणाचें ठरेल. तेथें हुकूमच हवा. परंतु तो तत्काळ पाळला जातो, तो आधीं मिळविलेल्या विश्वासामुळेंच.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कांहीं जण उद्यां परिचारिका किंवा डॉक्टर होतील. कांहींच्या हातीं अधिकारही येईल. त्या दिवशीं प्रथम आपण हात धुवावे, मग कारण सांगावें, आणि शेवटीं नियम लावावा. हा क्रम उलटला कीं चांगला नियमही वायां जातो.