आजच्या रात्रीपुरतं अंतर

मुंबईहून न्यूयॉर्कला किती तास, असं कुणी विचारलं की आपण ‘सोळा’ म्हणून मोकळे होतो. पण परतीला त्याच विमानाला तास-दीड तास कमी लागतो, आणि जातानाचेही तास मोसमागणिक बदलतात. शहरं तर जागची हलत नाहीत. मग हे तास ठरवतं कोण? ते पाहायला एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये रात्रपाळीला जाऊन बसले.

खोलीला खिडकी नाही. एसीचा गारठा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास. डोंबिवलीहून येणाऱ्या डिस्पॅचर बाईंनी स्क्रीनवर एक रेघ दाखवली. पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट, सुमारे 12,500 किलोमीटर. ती पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया करत वर चढते आणि स्वीडन, आइसलंडवरून न्यूयॉर्ककडे उतरते. “ही वाट मला मिळत नाही,” त्या म्हणाल्या. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. म्हणजे पहिल्या तासातच वळसा.

त्यानंतर वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. न्यूयॉर्कला जाताना तो छातीवर घ्यावा लागतो, येताना तोच पाठीशी असतो. हवामान, नोटॅम (विमानतळ आणि हवाई मार्गांविषयीच्या तातडीच्या सूचना), प्रवासी-मालाचं वजन हे सगळं भराभर तपासून झालं.

बाई थबकल्या त्या इंधनाच्या ओळीवर. न्यूयॉर्कला बर्फाचा अंदाज होता. तिथे उतरता आलं नाही तर बॉस्टन. शंभर टनांहून जास्त इंधन आधीच धरलेलं. वर आणखी दोन टन घ्यावं का? “एक टन जादा घेतलं, की त्यातला तिसरा हिस्सा तरी ते वाहून न्यायलाच जळतो,” त्या म्हणाल्या. दुष्काळी गावाला निघालेला टँकर वाटेतच गळत जावा तसं हे. तिसरा हिस्सा! शिवाय तेवढा माल खाली ठेवावा लागतो, आणि सकाळी त्याचा जाब याच खुर्चीला द्यावा लागतो.

त्यांनी बर्फाचा अंदाज पुन्हा उघडला, बोट त्या ओळीवर तसंच ठेवून. मग दोन टन वाढवले. कॅप्टनने फोनवर दोन प्रश्न विचारले आणि आकडा मान्य केला.

विमान वेळेवर उतरलं की आपण वैमानिकाचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या हाती येणारी वाट या खोलीत, त्या रात्रीपुरती आखलेली असते. हे काम आता संगणकच करतो, माणसं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी इथे एक रात्र काढावी. संगणक वाटा भराभर काढून देतो. तिसरा हिस्सा जळणार हे ठाऊक असूनही दोन टन घ्यायचे, असं म्हणून त्याची जबाबदारी घेणारं माणूस मात्र त्या खुर्चीत हवंच.