श्रद्धा आणि सत्य यांच्यातील संघर्ष : भारतीय ग्रहणविचाराच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

मानवी जीवनात धर्मश्रद्धेला महत्त्वाचे स्थान आहे. संकटात धीर देणे, आचरणाला वळण लावणे आणि समाजाला एकत्र बांधून ठेवणे ही कार्ये श्रद्धेने शतकानुशतके केली आहेत. दुसरीकडे सत्याचा शोध हीदेखील माणसाची तितकीच जुनी प्रेरणा आहे. एरवी या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात. परंतु श्रद्धेने स्वीकारलेले एखादे विधान आणि निरीक्षणाने सिद्ध झालेले तथ्य परस्परविरोधी ठरले, तर अधिक महत्त्व कशाला द्यावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाच्या चर्चेत १६३३ साली गॅलिलिओवर चाललेल्या खटल्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यामुळे असा संघर्ष केवळ युरोपात झाला, भारतीय परंपरेत तो उद्भवलाच नाही, असा समज रूढ झालेला दिसतो. वस्तुतः भारतीय ज्योतिषशास्त्रात ग्रहणाच्या कारणाविषयी हाच प्रश्न दीड हजार वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्याला वेगवेगळ्या विद्वानांनी वेगवेगळी उत्तरे दिली होती. त्या उत्तरांचा मागोवा घेऊन मूळ प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) ग्रहणाविषयीचे पौराणिक व सैद्धांतिक स्पष्टीकरण समजून घेणे.
२) या दोहोंतील विरोध प्राचीन व अर्वाचीन विद्वानांनी कसा हाताळला, ते पाहणे.
३) त्या आधारे श्रद्धा आणि सत्य यांच्या अग्रक्रमाविषयी निष्कर्ष काढणे.

१. श्रद्धेतील दोन प्रकारची विधाने :

श्रद्धा हा शब्द व्यवहारात सरसकट वापरला जातो. मात्र तिच्यात दोन भिन्न प्रकारची विधाने एकत्र आलेली असतात. ‘ग्रहणकाळात दान करावे’ हे आचारविषयक विधान आहे. त्यामागे एक मूल्य आहे आणि दुर्बिणीने ते खरे किंवा खोटे ठरत नाही. ‘राहू नावाचा दैत्य चंद्राला गिळतो म्हणून ग्रहण होते’ हे मात्र वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ते खरे तरी असते किंवा खोटे तरी. श्रद्धा आणि सत्य यांचा खरा संघर्ष दुसऱ्या प्रकारच्या विधानांपुरताच असतो. हा भेद लक्षात न घेतल्यास एक पक्ष संपूर्ण श्रद्धाच टाकाऊ ठरवतो, तर दुसरा पक्ष आचार वाचवण्यासाठी चुकीचे तथ्यही कवटाळून बसतो.

२. ग्रहणाची दोन स्पष्टीकरणे :

समुद्रमंथनातून निघालेले अमृत एका दैत्याने कपटाने प्राशन केले, सूर्य-चंद्रांनी ते उघडकीस आणले आणि विष्णूने त्या दैत्याचे मस्तक उडवले, ही पुराणकथा सर्वपरिचित आहे. ते अमर मस्तक म्हणजे राहू होय. सूडबुद्धीने तो अधूनमधून सूर्य-चंद्रांना ग्रासतो, अशी समजूत या कथेतून दृढ झाली.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या संदर्भाने रचलेल्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात वेगळेच कारण दिले. चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होते आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते तेव्हा चंद्रग्रहण होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. त्यामुळे प्रत्येक अमावास्येला व पौर्णिमेला ग्रहण होत नाही. या दोन पातळ्या जेथे छेदतात त्या पातबिंदूंच्या जवळ चंद्र असेल तेव्हाच ते घडते. पुढे या पातबिंदूंनाच राहू व केतू ही नावे मिळाली. म्हणजे नाव जुने राहिले, परंतु त्याचा अर्थ पूर्णपणे बदलला.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त या विषयाचा तर्कशुद्ध ऊहापोह केला आहे. राहूची गती अनियमित असेल तर गणिताने ग्रहण आधीच कसे कळते, असा मार्मिक प्रश्न तो उपस्थित करतो. चंद्रग्रहणात चंद्रबिंबाची पूर्वेकडील कड आधी काळवंडते, तर सूर्यग्रहणात सूर्यबिंबाची पश्चिमेकडील कड आधी झाकली जाते. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत छायेत शिरतो अथवा सूर्यासमोर येतो, हे मानले की या फरकाचा सहज उलगडा होतो. दैत्याच्या कथेने तो होत नाही.

३. ब्रह्मगुप्ताचे उदाहरण :

या पार्श्वभूमीवर ब्रह्मगुप्ताची भूमिका विशेष विचारात घेण्याजोगी आहे. इ. स. ५९८ मध्ये जन्मलेल्या या थोर गणितज्ञाने वयाच्या तिसाव्या वर्षी, ६२८ साली, ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ हा ग्रंथ लिहिला. राहूमुळे ग्रहण होत नाही असे म्हणणाऱ्या आर्यभट, वराहमिहिर आदींवर त्याने या ग्रंथात टीका केली. त्याचा युक्तिवाद थोडक्यात तीन प्रकारचा आहे : सर्व लोक राहूलाच कारण मानतात, वेद-स्मृतींमध्ये तसेच सांगितले आहे, आणि राहू हे कारण नाकारल्यास ग्रहणकाळातील विधी निष्फळ ठरतील. या तिन्ही मुद्द्यांत लोकमत आहे, ग्रंथप्रामाण्य आहे आणि परिणामांची भीतीही आहे. आकाशातील निरीक्षण मात्र एकातही नाही.

असे असूनही याच ग्रंथात ग्रहणाचे गणित मांडताना ब्रह्मगुप्त पृथ्वीच्या छायेचा व्यास काढतो आणि चंद्रबिंब सूर्याला किती झाकेल याचा हिशेब करतो. राहूच्या जबड्याचे माप त्याला कोठेही लागत नाही. ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या वेळी छायेत प्रवेश करतो, अशी तडजोड करून तो ही विसंगती मिटवू पाहतो.

इ. स. १०३० च्या सुमारास भारताविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेरूनीला या विसंगतीचे मोठे आश्चर्य वाटले. ज्याला खरे कारण ठाऊक आहे, त्यानेच सत्य जाणणाऱ्यांना दोष द्यावा, हे त्याला सदसद्विवेकाविरुद्ध वाटले. तथापि त्याने ब्रह्मगुप्ताला अज्ञानी ठरवले नाही. सॉक्रेटिसावर जसे संकट कोसळले, तशाच एखाद्या आपत्तीने त्याला असे लिहावयास लावले असावे, असा तर्क त्याने केला. हा तर्क खरा असो वा नसो, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सूचित होते. संघर्ष नेहमी जाणता आणि अजाण या दोघांमध्येच असतो असे नाही. पुष्कळदा तो एकाच माणसाच्या अंतःकरणात, त्याला काय ठाऊक आहे आणि त्याला काय बोलता येते यांच्यामध्ये चालू असतो.

४. अविरोधाचा मार्ग आणि त्याची मर्यादा :

इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनीही छायेचे गणित मान्य करून राहूच्या वराची कथा सोबत ठेवली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आढळतो. या समन्वयामुळे भारतात गणिती ज्योतिषाचा अभ्यास अखंड चालू राहिला, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. पंडिताच्या पाटीवर छाया राहिली आणि सामान्य माणसाच्या मनात राहूच राहिला. सत्य मूठभरांपुरते सीमित झाले.

एकोणिसाव्या शतकात हा झाकलेला विरोध पुन्हा वर आला. भोपाळजवळील सिहोर येथे ब्रिटिश अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यात पुराणे, सिद्धांतग्रंथ आणि कोपर्निकस यांच्या मतांची तुलना आहे. पुराणे व सिद्धांत यांत विरोध नाहीच, असे प्रतिपादन करणारा ‘अविरोधप्रकाश’ हा ग्रंथ यज्ञेश्वरशास्त्र्यांनी लिहिला आणि सुबाजींनी त्याचेही खंडन केले. विल्किन्सन यांचा उद्देश पाश्चात्त्य विचारांच्या प्रसाराचा होता, हे खरे. तरीही सुबाजींनी जो पहिला आधार घेतला तो भास्कराचार्यांच्या परंपरेचा होता. पुराणातील भूगोल-खगोल तपासण्याची साधने परंपरेतच उपलब्ध होती, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

५. धर्माचरणालाच सत्याची गरज :

या चर्चेत एक मुद्दा बहुधा निसटतो. ग्रहणाचे धार्मिक आचार ज्या नियमांवर उभे आहेत, ते नियमच निरीक्षणाला प्राधान्य देतात. जे ग्रहण एखाद्या ठिकाणी दिसत नाही, त्याचे वेध, स्नान, दान इत्यादी नियम तेथे पाळावयाचे नसतात. छायाकल्प चंद्रग्रहणाचेही नियम पाळले जात नाहीत. स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळा अचूक नसतील तर स्नानाची वेळच चुकेल. म्हणजे श्रद्धेने करावयाच्या कृतीलाही अचूक तथ्याचा आधार लागतो.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, तो याच जाणिवेतून. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी आकाशातील ग्रहस्थिती प्रत्यक्ष पाहून जुन्या ग्रंथांशी ताडून पाहिली होती. ग्रंथ आणि आकाश यांत अंतर पडल्यास ग्रंथातील गणित सुधारावे, ही त्यांची दृष्टी होती. पुढे तीन शतकांनी ‘ग्रहलाघवा’च्या गणितातही अंतर पडू लागले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे पटवर्धनी पंचांग निघाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात ही सुधारणेची परंपरा सविस्तर नोंदवलेली आहे. या विद्वानांना आकाश पाहून ग्रंथ दुरुस्त करणे हा धर्मद्रोह वाटला नाही.

६. प्रश्नाचे सामाजिक स्वरूप :

राहूची कथा कोणी खरी मानली तर बिघडले कोठे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर घराघरांत सापडते. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर म्हणजे १२ तास आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर म्हणजे ९ तास आधीपासून पाळण्याचा प्रघात आहे. या काळात गर्भवती स्त्रीने काही खाऊ-पिऊ नये, भाजी चिरू नये, हालचालही करू नये. अन्यथा मूल दुभंगलेल्या ओठांचे जन्मते, असा समज अद्याप आढळतो. वस्तुतः ओठ व टाळू यांची जडणघडण गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतच पूर्ण होते. त्यातील दोषामागे आनुवंशिकता, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, धूम्रपान, काही औषधे असे घटक असू शकतात. पृथ्वीच्या किंवा चंद्राच्या छायेचा त्याच्याशी संबंध नाही. दीर्घकाळ उपाशी व तहानलेले राहणे मात्र गर्भवतीला निश्चितच अपायकारक ठरू शकते. आणखी एक दुष्परिणाम असा की, अशा व्यंगासह मूल जन्मले तर दोष आईच्या माथी मारला जातो. वस्तुस्थितीविषयीचे एक चुकीचे विधान येथे एका निरपराध व्यक्तीवरील आरोप बनते.

याउलट, ग्रहणातील खरा धोका सत्यच दाखवून देते. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. काल्पनिक भयामुळे माणूस दार लावून घरात बसतो. खरी माहिती असेल तर तो योग्य गाळणीचा चष्मा वापरून तो दुर्मीळ सोहळा पाहू शकतो.

विशेष म्हणजे बालक, वृद्ध, आजारी व गर्भवती यांना वेधकाळात सवलत देण्याची तरतूद पंचांगांतही आढळते. करुणेला परंपरेत स्थान होते. भयाने ते झाकोळले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार धर्मस्वातंत्र्य हे आरोग्य, नीतिमत्ता व सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या अधीन आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. स्वतः उपवास करण्याचे स्वातंत्र्य व्यक्तीला आहे. तो दुसऱ्यावर लादताना मात्र त्यामागचे कारण सत्याच्या कसोटीस उतरलेच पाहिजे.

निष्कर्ष :

१) श्रद्धेतील मूल्यविषयक आणि वस्तुस्थितीविषयक विधाने वेगळी केल्यास संघर्षाचे क्षेत्र बरेच मर्यादित होते.
२) वस्तुस्थितीविषयक विधानांत विरोध आल्यास सत्यालाच अग्रक्रम दिला पाहिजे, कारण धर्माचरणालाही अचूक तथ्याची आवश्यकता असते.
३) विरोध नाहीच असे म्हणणारा समन्वय विद्वानांची सोय पाहतो, परंतु सामान्यांना सत्यापासून वंचित ठेवतो.
४) असत्याची किंमत बहुधा ते सांगणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती दुर्बलांना मोजावी लागते, म्हणूनच हा केवळ तात्त्विक प्रश्न राहत नाही.

ग्रहणाचे खरे कारण कळल्याने दानातील औदार्य कमी होत नाही आणि प्रार्थनेतील शांतीही ढळत नाही. मात्र दार लावून उपाशी बसवलेल्या गर्भवतीच्या मनातील भय दूर होऊ शकते. ज्या श्रद्धेचा आधार भय हाच असेल, तिला सत्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. जिचा आधार मूल्य आहे, तिने सत्याला घाबरण्याचे कारण नाही. सत्य ठाऊक असलेल्यांनी ते समाजाला समजेल अशा भाषेत, कोणाच्याही श्रद्धेचा उपहास न करता, परंतु निःसंदिग्धपणे सांगणे ही त्यांची जबाबदारी होय.