सार्जंट रॉय बेनाविडेझ : सहा तासांचें शौर्य आणि जन्मभराचा लढा

पराक्रमी पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा रणांगणावरच खिळून राहते. ज्या दिवसानें पदक मिळवून दिलें तो दिवस सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्याच्या आधींचीं हलाखीचीं व नंतरचीं दुखण्याचीं वर्षें यांकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. अमेरिकेच्या खास दलांतील मास्टर सार्जंट रॉय बेनाविडेझ याचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे. त्याच्या शौर्याचा प्रसंग अवघा सहा तासांचा. पण आधीं व नंतर त्यानें जें सोसलें तें जाणल्यावांचून त्या सहा तासांचें मर्म उमगत नाहीं.

रॉयचा जन्म ५ ऑगस्ट १९३५ रोजीं टेक्सास संस्थानांत झाला. बाप मेक्सिकन वंशाचा शेतकरी व आई याकी नांवाच्या मूळ रहिवासी जमातीची. तो दोन वर्षांचा असतां बाप क्षयानें वारला आणि सुमारें पांच वर्षांनीं त्याच रोगानें आईचेंहि छत्र हरपलें. रॉय व त्याचा धाकटा भाऊ अशा दोन पोरक्या मुलांस एल कॅम्पो गांवीं त्यांच्या चुलत्यानें आपल्या घरीं नेलें. त्या घरांत आजोबा होते, काकू होती आणि आठ चुलत भावंडें होतीं. खाणारीं तोंडें आधींच पुष्कळ असतां आणखी दोन पानें वाढणें म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. रॉय मोटारींच्या तळावर उतारूंचे जोडे पुशी, हंगामांत बीट व कापूस काढण्यासाठीं घरच्यांबरोबर परगांवीं जाई. त्यामुळें शाळा महिनोन् महिने बुडे आणि वर्गांत ‘मेक्सिकन’ म्हणून हिणवणारेहि भेटत. अखेर पंधराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षण सुटलें. ही खंत त्यानें आमरण मनांत बाळगली.

१९५२ सालीं तो टेक्सासच्या राष्ट्रीय रक्षक दलांत दाखल झाला व १९५५ सालीं खड्या सैन्यांत गेला. पुढें छत्रीधारी सैनिकाचें शिक्षण त्यानें पुरें केलें आणि १९५९ सालीं हिलारिया नांवाच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. १९६५ सालीं दक्षिण व्हिएतनामी पलटणीचा सल्लागार म्हणून त्याची रवानगी झाली. तेथें एका गस्तीवर असतां सुरुंगावर पाय पडून त्याच्या कण्यास जबर दुखापत झाली. टेक्सासमधील लष्करी इस्पितळांत डॉक्टरांनीं निदान केलें कीं, हा पुन्हां चालणार नाहीं. आणि सैन्यांतून मुक्त करण्याचे कागदहि तयार होऊं लागले.

रॉयनें तें निदान मानलें नाहीं. रात्रीं निजानीज झाली म्हणजे तो खाटेवरून स्वतःस खालीं लोटून देई, कोंपरांवर व हनुवटीवर भार देत भिंतीपर्यंत सरपटत जाई आणि भिंतीचा आधार घेऊन उभें राहण्याचा यत्न करी. प्रथम पायांचीं बोटें हललीं, मग पाऊल हललें. वेदनांनीं डोळ्यांत पाणी येई. तरी हा क्रम महिनोगणती चालला. १९६६ च्या जुलैंत पत्नीला बरोबर घेऊन तो इस्पितळांतून स्वतःच्या पायांनीं चालत बाहेर पडला! एवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. त्यानें खास दलाचें खडतर शिक्षण पुरें केलें आणि १९६८ च्या जानेवारींत तो व्हिएतनामांत परत गेला.

२ मे १९६८ हा तो दिवस. लोक निन्हच्या पश्चिमेस घनदाट अरण्यांत टेहळणीसाठीं उतरविलेली बारा जणांची तुकडी शत्रूच्या मोठ्या फौजेनें वेढली गेली. तिला सोडवावयास गेलेलीं तीन हेलिकॉप्टरें उतरतां न आल्यानें माघारीं आलीं. रॉय त्या वेळीं तळावर बिनतारी यंत्रावरून संकटांतील सोबत्यांचा आक्रोश ऐकत होता. कोणाचा हुकूम नसतां तो परत निघालेल्या हेलिकॉप्टरांत चढला. जवळ औषधांची पिशवी व एक सुरा, एवढेंच काय तें साहित्य. जमिनीवर उडी टाकून सुमारें पंचाहत्तर मीटर धांवत तो तुकडीपाशीं पोंचला, तोंच पाय, चेहरा व डोकें जखमी झालें होतें. निम्म्या जखमींस त्यानें विमानापाशीं पोंचविलें. मृत नायकाजवळचे गुप्त कागद आणावयास तो मागें वळला, तेव्हां पोटांत गोळी लागली व पाठींत हातबाँबचे तुकडे घुसले. त्याच सुमारास वैमानिक मरण पावून तें हेलिकॉप्टर कोसळलें. उलथलेल्या यंत्रांतून त्यानें जिवंत राहिलेल्यांस बाहेर काढलें, त्यांस पाणी व दारूगोळा वांटला आणि धीर दिला. दुसरें हेलिकॉप्टर आल्यावर जखमी वाहतांना एका शत्रुसैनिकानें मागून प्रहार केला. त्याच्याशीं हातघाईची झुंज देऊन रॉय पुन्हां कामास लागला. सर्वांस चढविल्यावरच त्यानें स्वतःस आंत ओढूं दिलें. निदान आठ जणांचे प्राण वांचले. त्याच्या अंगावर सदतीस जखमा होत्या. तळावर त्यास मृत समजून प्रेताच्या पिशवींत घातलें गेलें. बोलण्याची शक्ति नव्हती. म्हणून आपण जिवंत आहों हें कळविण्यासाठीं तो डॉक्टरच्या तोंडावर थुंकला!

त्यास प्रथम दुसऱ्या दर्जाचें पदक मिळालें. सर्वोच्च पदकासाठीं प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष हवी होती आणि तसा कोणी जिवंत आहे हें ठाऊक नव्हतें. १९८० सालीं त्या तुकडीचा बिनतारी संदेशक ब्रायन ओ’कॉनर फिजी बेटांत हयात असल्याचें आढळलें. त्यानें दहा पानांची साक्ष लिहून दिली, आणि २४ फेब्रुवारी १९८१ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं स्वहस्तें रॉयला ‘मेडल ऑफ ऑनर’ अर्पण केलें.

कथा येथेंच संपती तर गोड झाली असती. पण १९८३ सालीं, पदक मिळून पुरतीं तीन वर्षेंहि लोटलीं नसतां, सरकारी खात्यानें अपंगांच्या साहाय्याची फेरतपासणी चालविली आणि रॉय कामास समर्थ आहे असें ठरवून त्याचें साहाय्य बंद करण्याचें योजिलें. ज्याच्या हृदयाजवळ धातूचे तुकडे रुतलेले व ज्याचें एक फुप्फुस विंधलेलें, त्याची ही गति! रॉय लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें उभा राहिला. गाऱ्हाणें त्यानें एकट्याचें मांडलें नाहीं. ज्यांच्यापाशीं पदक नाहीं व ज्यांची वर्तमानपत्रें दखल घेत नाहींत, अशा हजारों अपंगांच्या वतीनें तो बोलला. अखेर त्याचें साहाय्य कायम राहिलें.

व्हिएतनामचें युद्ध न्याय्य होतें कीं नाहीं, याविषयीं खुद्द अमेरिकेंत कडाक्याचे मतभेद होते. आणि त्या युद्धांत मेलेल्या असंख्य व्हिएतनामींचा विसर कोणास पडूं नये. पण युद्धाचा निर्णय राज्यकर्ते घेतात आणि त्याचे घाव शिपाई जन्मभर वागवितो. त्या घावांचा हिशेब पदक देऊन चुकता होत नाहीं, हें रॉयच्या उत्तरायुष्यावरून स्पष्ट दिसतें.

उरलेलीं वर्षें त्यानें गांवोगांवच्या शाळांतून हिंडून मुलांस एकच गोष्ट सांगण्यांत वेंचलीं: शिक्षण अर्धवट सोडूं नका. २९ नोव्हेंबर १९९८ रोजीं सॅन अँटोनिओ येथें, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, मधुमेहाच्या विकारानें तो निवर्तला. पुढें अमेरिकन आरमाराच्या एका मालवाहू जहाजास त्याचें नांव देण्यांत आलें. एल कॅम्पोंतील त्या चुलत्यानें दोन पोरक्या मुलांस घरीं आणलें, तेव्हां त्याला यांतलें कांहींहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. आपल्या पंक्तीला बसलेल्या मुलांपैकीं कोण पुढें काय होईल, हें कोणत्याहि घरास आधीं कळत नाहीं. पान मात्र सर्वांसाठीं सारखेंच मांडावें लागतें.