ऑनलाइन दुकान: आधी कप्पे ठरवा

कटंगीहून बालाघाटचा चिन्नोर तांदूळ ऑनलाइन विकायचा, तर ‘चिन्नोर’ ही मुख्य कॅटेगरी करू नका. ‘धान्य’खाली ‘तांदूळ’, त्याखाली ‘सुवासिक’. चिन्नोर हा तिथला माल. एक, पाच, दहा किलोच्या पिशव्या ही त्याच मालाची व्हेरिएशन्स. २०२१ साली मिळालेलं जीआय मानांकन टॅगमध्ये घाला, म्हणजे त्याच टॅगखाली जीआय मिळालेली वारासिवनीची हातमाग साडीही दिसेल. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटेगरी पुसली तरी माल पुसला जात नाही. दुसरी कॅटेगरी नसेल तर तो ‘अनकॅटेगराइज्ड’मध्ये जाऊन पडतो, आणि तिथे गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. जीएसटीसाठी लागणारा एचएसएन कोड प्रत्येक मालाचा वेगळा तपासा: तांदूळ १००६, पण त्याच तांदळाचे पोहे १९०४.